राम राम, आण्णा

अन्याय माझ्या ताईवर, राजश्रीवर झाला. सांगलीच्या तिच्या कॉलेजात, शेवटच्या वर्षाच्या प्रकल्प प्रदर्शनात, भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाला.

काल साताऱ्यात माझ्या दुरुस्तीच्या दुकानात मी एक जुना कॉम्प्युटर उघडला आणि तापलेल्या धुळीचा तोच वास आला. त्याच वासात बसून ताईनं असेंब्ली या थेट मशीनशी बोलणाऱ्या किचकट भाषेत ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिला होता. लहानसाच. कीबोर्डचा तुकडा वेगळा, घड्याळाचा वेगळा. हवा तो जोडा, नको तो काढा. मशीन सुरू झालं की पडद्यावर ‘राम राम आण्णा’ उमटायचं. ती अक्षरं तिनं ठिपका ठिपका मांडून काढली होती. आण्णा म्हणजे आमचे वडील, फौजेतून कडेगावला परतलेले.

प्रदर्शनात तो कर्नल संस्थेच्या अध्यक्षांच्या मुलानं स्वतःचा म्हणून दाखवला. पडद्यावर तीच अक्षरं उमटली आणि ताईचं काम बघायला आलेले आण्णा ताडकन उठले.

“आण्णा मी हाय! तू कुणाचा रं?”

हशा पिकला. ताईचे सर गोड हसून म्हणाले, “अहो, आण्णा म्हणजे आपले अध्यक्ष. बसा तुम्ही.”

ते ठिपके मांडताना हेच सर ताईच्या शेजारी बसलेले असायचे. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी टाळ्या सुरू केल्या.

तेव्हा वाटलं, आण्णांनी आमचं हसं केलं. आज वाटतं, अख्ख्या सभागृहात उभा राहिलेला माणूस तो एकच.

तुमच्याही गावात असं प्रदर्शन भरेल. टाळी वाजवण्याआधी उभे राहा आणि मोठ्यानं विचारा: हे लिहिलं कुणी?