विसाव्याचा दिवस

कंपनीत सगळे तिला मुक्कामबाई म्हणत. हौशी लोकांना गाइडबरोबर हिमालयातल्या सहा हजार मीटरच्या शिखरावर न्यायचं, तर कुठल्या रात्री किती उंचीवर झोपायचं हे ती ठरवायची. बूट दुरुस्तीच्या दुकानावरची खोली, खिडकीशी टेबल, त्यावर नकाशा. बावीस वर्षं उघडून-मिटून घडीवरची एक खिंड पार पुसून गेली होती. "ती खिंड आता फक्त बाईंच्या डोक्यात उरलीय," मालक म्हणायचे.

या वेळी एकाच कचेरीतले आठजण आले. त्यांना रजा पंधरा दिवसांची; तिचा तक्ता सोळा दिवसांचा.

"वरचा विसाव्याचा दिवस उडवा," मालक म्हणाले. "त्या दिवशी करतात काय? खातात नि लोळतात."

"माणसं लोळतात, साहेब. शरीर विरळ हवेची सवय करून घेत असतं."

तीन दिवस वाद चालला. गिऱ्हाईक हातचं जाईल, मालकांचं एकच पालुपद. चौथ्या दिवशी थकून तिने तो दिवस खोडला.

"झकास! आणि गाइड म्हणून तुमची लेक. तिची पहिली स्वतंत्र मोहीम!"

"तिला नको."

"का? तक्ता बरोबर आहे ना?"

तिने पेन उचललं आणि खोडलेला दिवस पुन्हा लिहिला, या खेपेला शाईने. आठजणांना सोळा दिवस जमेनात; तो कागद घेऊन ते समोरच्या कंपनीत गेले. तिथे त्या दिवसावर रेघ मारायला कुणाची ना नव्हती. आठवड्याने लेकीने घरी सांगितलं, त्याच मोहिमेवर समोरच्या कंपनीने तिला गाइड म्हणून घेतलंय.

"तू जायचं नाहीस."

"आई, तू तो दिवस खोडलास, तेव्हा ते आठजण कुणाचेच नव्हते का गं?"

आई खाली बघत म्हणाली, "चुकलं माझं."

"मी नाही गेले तर नवखा कुणीतरी जाईल. त्याला चढलेला दम आणि छातीत भरलेलं पाणी यातला फरक कळणार नाही. मला कळतो. तूच शिकवलायस."

"मग त्यांना एक दिवस थांबायला सांग."

"सांगितलं की. हसले. म्हणाले, ही धाकटी मुक्कामबाई!"

आईला हसू आलं नाही. तिने लेकीकडचा तक्ता पुढे ओढला. दिवस वाढवता येणार नव्हता, म्हणून ती वरच्या छावणीपासून खाली पेन्सिलीने खुणा करत निघाली. आजाऱ्याला कुठून उतरवता येईल, वाऱ्याला आडोसा कुठे, हेलिकॉप्टर कुठे टेकणारच नाही.

"एकाला उचलायला किती माणसं लागतात?" लेकीने विचारलं.

"सहा. तुम्ही किती आहात?"

"मी आणि एक मदतनीस."

पेन्सिल थांबली. आई उठली, माळ्यावरून दोर काढला, त्याचे दोन फास केले आणि लेकीच्या पाठीशी उभी राहिली.

"मला पाठीवर बांधून घे. मी अंग सैल सोडते, शुद्ध हरपलेलं माणूस स्वतःला सावरत नाही. दारापर्यंत ने."

लेक कशीबशी उठली. तीन पावलं गेली, चौथ्याला गुडघे वाकले आणि दोघी फरशीवर आदळल्या. लेक धापा टाकत होती. आईचं कोपर सोललं होतं.

"पुन्हा," आई म्हणाली.