नातवाचे त्रेचाळीस तास

"काका, खरं सांगा, तीन महिने तुम्ही त्या खुर्चीत बसून माशा मारत होता का?"

"मारल्या असत्या तर नोंदवल्या असत्या की, बाई. माशीगणिक मिनिटं टाकली असती."

हे मात्र तासबाईंना पटलं. तपासनीस काका म्हणजे शिंक आली तरी तिची वेळ टिपून ठेवणारा माणूस. आणि बाईंच्या हातातल्या कागदावर त्याच माणसापुढं, तासांच्या रकान्यात, पडलं होतं ठसठशीत शून्य. असली शून्यं निवडून साहेबांना चार वाजता यादी द्यायची होती. यादीतल्या माणसाला सोमवारी नारळ. यादीत एकच नाव होतं, आणि ते चहा पीत समोर उभं होतं.

तासबाई पूर्वी एका कारखान्याच्या फाटकावर हजेरीची कार्डं सांभाळायच्या. फाटकातून आत आला तो कामावर, बाहेर गेला तो घरी. डोक्याला ताप नाही. मग कारखाना बंद पडला आणि बाई या संगणकवाल्यांच्या कचेरीत आल्या. इथं माणूस डोळ्यांपुढं घाम गाळत बसलेला असला तरी प्रोग्रॅम सांगेल तेव्हाच तो कामावर. रोज प्रत्येकानं आपापले तास त्यात भरायचे आणि शुक्रवारी बाईंनी त्यांचा अहवाल काढायचा. घरी सासूबाई विचारायच्या, "दिवसभर करतेस तरी काय गं?" बाई सांगायच्या, "लोकांनी काय केलं ते लिहिते." "ते कळलं. पण तू काय करतेस?" यावर बाई भाजी चिरायला घ्यायच्या.

या प्रोग्रॅमात कामांचं आख्खं खानदान नांदायचं. सगळ्यात वर थोरलं काम, त्याला बाई आजोबा म्हणत. त्याच्या पोटी बाप, बापाच्या पोटी लेक, लेकाच्या पोटी नातू. काकांना बारीक खोदायची खोड. पडद्यावरचं बटण चालतं का ते तपासायचं तर बटणाचा रंग एक नातू, बटणाची जागा दुसरा नातू. सगळे तास त्यांनी नातवांवरच टाकलेले. साहेबांना मात्र खाली वाकून बघायचा कंटाळा. "मला बापापर्यंतच दाखवा, त्याखालची चिल्लीपिल्ली नकोत," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि बाईंनी अहवालाला तिथंच पाचर मारून ठेवली होती. आजवर अहवाल कामांचा निघायचा, म्हणून भागलं. या खेपेला साहेबांनी तो तीन महिन्यांचा आणि माणसांच्या नावानं मागितला आणि काका पुसले गेले.

"थांबा, पाचर काढते," म्हणून बाईंनी सगळ्या पिढ्या उघडल्या. अर्ध्या पानाचा अहवाल अकरा पानांचा झाला. त्यात काका सापडले, दर आठवड्याचे चोख त्रेचाळीस तास. बाईंचा जीव भांड्यात पडला. "वाचलात काका! आणि तुमच्या गटप्रमुखांचे पंचेचाळीस. दोघं मिळून अठ्ठ्याऐंशी. साहेब खूश होतील."

काकांच्या गटात काका एकटेच. पण प्रमुख मात्र पुरा, खोलीसकट.

काकांनी खिशातून पेन्सिल काढली, पानं उलटली आणि मान हलवली. "बाई, यांच्या पंचेचाळीसमधले त्रेचाळीस माझेच आहेत. हे बघा, मी नातवांवर टाकले ते यांनी बेरीज करून बापावर पुन्हा टाकले. स्वतःच्या नावानं."

बाईंच्या कानाची पाळी गरम झाली. कारण ही अक्कल त्यांचीच होती. तीन वर्षांपूर्वी त्याच गटप्रमुखांना म्हणाल्या होत्या, "साहेबांना खालचं दिसत नाही, तुम्ही आपली बेरीज वर चढवत जा." बिचाऱ्यानं त्या दिवसापासून एक शुक्रवार चुकवला नव्हता.

"गप बसा काका. तुमची नोकरी वाचली ना?"

"नोकरी वाचली, पण बेरीज मेली की."

"तुम्हाला नोकरीपेक्षा बेरीज मोठी?"

"चुका काढायचाच मला पगार मिळतो, बाई. स्वतःला वाचवणारी तेवढी सोडून देऊ?"

असल्या माणसाचं काय करावं! अठ्ठ्याऐंशीचा कागद तसाच सरकवला असता तर काका वाचले असते, प्रमुख झाकले गेले असते आणि बाईंचा तीन वर्षांचा शहाणपणाही निमूट गाडला गेला असता. बाईंनी काकांकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं आणि मनातल्या मनात दोघांनाही एक शिवी हासडून अकरा पानं उचलली.

साहेबांनी ती चिमटीत धरली. "ही काय गोधडी पसरलीत?"

बाईंनी सगळं सांगितलं. पाचर कुणी मारली, वर चढवायला कुणी शिकवलं, तेही. "दोष माझा आहे, साहेब. पण शून्य काकांचं नाही. यादीत कुणीच नाही."

साहेबांनी गटप्रमुखांना बोलावलं. "तुमचे स्वतःचे दोन तास उरतात. ते कशाचे?"

"बेरीज वर चढवण्याचे, साहेब."

आता प्रमुखांचं काही खरं नाही, असं बाईंना वाटलं. पण साहेब उगाच साहेब झाले नव्हते.

"बाई, यापुढं सगळ्या पिढ्यांची बेरीज प्रोग्रॅमच करेल ना? हातानं कुणी काही चढवणार नाही?"

"नाही, साहेब."

"आपोआप?"

"आपोआप."

"मग ती आपोआप होते की नाही, यावर लक्ष ठेवायला जबाबदार माणूस हवा." आणि त्यांनी प्रमुखांच्या पाठीवर थाप मारली. खोली तीच राहिली, दारावरची पाटी मात्र लांबली. काकांचं नाव यादीतून गेलं. बाईंना शिक्षा म्हणून एक नवा रकाना मिळाला: तास भरण्यात कुणाचा किती वेळ जातो, त्याचा.

बाई जागेवर आल्या तर काका पडद्यापुढं बसलेले. "बाई, तुमच्या अहवालातल्या चुकीचं एक काम उघडलंय. बापाच्या पोटी लेक, लेकाच्या पोटी दोन नातू. एक चूक शोधण्याचा, एक तुम्ही मला गप बसा म्हणालात त्याचा."

"त्याला किती टाकलेत?"

"चार मिनिटं."

"तीनच झाली असतील," म्हणत बाईंनी खुर्ची पुढं ओढली आणि नवा रकाना आखायला घेतला.