उलट्या पावलांचा वाटाड्या

यॉर्क शहराने परक्या माणसाला चक्रावून सोडायचा विडाच उचलला आहे. इथे रस्त्याला गेट म्हणतात, वेशीला बार म्हणतात आणि बारला पब. चॉकलेटच्या कारखान्यातून निवृत्त झालेला एडविन थॅकरे पाहुण्यांना फुकट गावभर फिरवून हा घोळ निस्तरायचा. आता घोळ त्याच्याच डोक्यात शिरला होता. मध्यंतरी त्याने पाहुण्यांना भलत्याच गल्लीत नेलं, तक्रार झाली, म्हणून आज त्याची जुनी मैत्रीण मॉरीन आउथवेट परीक्षक म्हणून मागून चालत होती. आज चुकला तर छातीवरचा वाटाड्याचा बिल्ला जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"मग ही गेटं उघडतात कुठून?" एका पाहुण्याने खवचटपणे विचारलं.

"उघडत नाहीत साहेब, चालायला असतात!" एडविन खुलला. "दर्यावर्दी नॉर्स लोक आले, ते रस्त्याला गाता म्हणायचे, त्याचं झालं गेट. तुमचं दाराचं गेट आमच्या जुन्या इंग्रजांचं. नातं असलंच तर फार लांबचं. आणि वेशीचा बार फ्रेंचांकडून आलेला, म्हणजे अडसर."

इथल्या सगळ्या वाटाड्यांसारखा एडविन उलटा चालायचा. तोंड लोकांकडे, पाठ रस्त्याकडे. बोलत असेपर्यंत पावलं आपोआप पडायची. स्टोनगेटच्या टोकाला मात्र त्याने वळून पाहिलं, आणि समोरचा रस्ता जन्मात कधी पाहिलेला नसावा तसा वाटला. दुकानं कुठली, डावीकडे काय, काही कळेना.

"बरं, आता मिन्स्टरचं मोठं चर्च कोण शोधून दाखवतं बघू?" तो हसत म्हणाला.

पाहुण्यांनी हौसेने मनोऱ्यांकडे बोट दाखवलं आणि सगळे तिकडे निघाले. त्यांना तो खेळ वाटला. मॉरीनला नाही वाटला.

पाहुणे पांगल्यावर ती मान खाली घालून त्याच्याजवळ आली.

"अगं, तोंड काय पाडतेस? नापास मी झालोय!" एडविनने बिल्ला काढून तिच्या हातावर ठेवला. मग हळूच म्हणाला, "मॉरीन, घरी कुठून जायचं गं?"

"रस्ता मी सांगते. तू बोलत राहा."

"काय बोलू?"

"गेटचंच सांग. मला कुठे अजून नीट कळलंय!"

तो तिच्याकडे तोंड करून उलटा चालू लागला. दर्यावर्दी आले, इथपासून त्याने सुरुवात केली.

"डावीकडे, एडविन," ती म्हणाली, आणि तो मागे न बघता वळला.