प्रसादाची बशी

मुलाने कॅनडात घर घेतलं, म्हणून काल मी इथे दुबईच्या फ्लॅटमध्ये नारळ वाढवला. ओल्या खोबऱ्याच्या वासाने मला थेट नव्वदच्या दशकातल्या, अबू धाबीतल्या रुवैसला नेलं.

रिफायनरीच्या कॅम्पमध्ये केव्हिन माझा शेजारी होता. ऑस्ट्रेलियन, पन्नाशीचा, एकटा. त्याचे पणजोबा आयर्लंडहून बोटीने गेलेले, पण कुठल्या गावचे, ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. बोटीच्या यादीत नुसतं 'आयर्लंड'. बिचारा वर्षानुवर्षं तिकडच्या चर्चना पत्रं लिहायचा.

एका शुक्रवारी दुपारी तो फॅक्सचा कागद नाचवत माझ्या दारात आला. पणजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद सापडली होती, गावाच्या नावासकट.

"आमच्याकडे मूळ गाव सापडलं की तिथल्या देवाला नारळ वाढवतात," मी म्हणालो.

"यल्ला, चल!" केव्हिन म्हणाला.

माझ्याकडचा नारळ त्याने पायरीवर, वायव्येला, आयर्लंडच्या दिशेला तोंड करून फोडला. पाणी तापल्या सिमेंटवर सांडलं आणि लगेच सुकलं.

"आता प्रसाद घरच्यांना वाटायचा," मी बोलून गेलो.

आम्ही दोघांनी थोडं खोबरं खाल्लं. उरलेलं त्याने बशीत घालून आपल्या दाराशी ठेवलं. "कुणी आलं तर. इन्शाल्ला."

संध्याकाळी तुकडे तसेच होते, वाळून वाकडे झालेले. मला त्याची कीव आली होती.

काल मुलगा फोनवर म्हणाला, "सो स्वीट, बाबा! सेंड मी अ फोटो."

फोटो पाठवला. मग खोबऱ्याची बशी दाराशी नेऊन ठेवली आणि एसी चालू असूनही दार जरा उघडंच ठेवलं.