वरातीचा घोडा आणि तिची ब्रिचेस

तिची ब्रिचेस मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती दोरीवर उलटी टांगलेली होती. सात रस्ता चौकापलीकडच्या बंगल्यांच्या ओळीत मी वडिलांच्या युनियनची पत्रकं वाटत फिरत होते. गिरणीतल्या एका अधिकाऱ्याच्या बंगल्यामागे चादरी वाळत होत्या, शर्ट वाळत होते आणि त्यांच्यामध्ये हा विजारीचा अजब प्रकार: मांड्यांपाशी फुगलेला, गुडघ्याखाली एकदम आवळलेला, बदामी रंगाचा. गुडघ्यांच्या आतल्या बाजूला चामड्याचे तुकडे शिवलेले होते. मी फाटकाशी उभी राहून ते तुकडे बघत राहिले. घोड्यावर बसलं की नेमकं तिथेच घासतं हे मला माहीत होतं, कारण लहानपणी माझी त्या जागेची कातडी कितीतरी वेळा सोलली होती. इथे मात्र कुणीतरी आधीच विचार करून ठेवला होता, की या मुलीची कातडी सोलू नये.

तेवढ्यात ती स्वतः बाहेर आली. माझ्याच वयाची, आमच्याच कॉलेजात नुकतीच दाखल झालेली. पुण्याला वसतिगृहात राहून शिकलेली, घोडेस्वारीही तिथलीच. तिने पत्रक घेतलं, थँक्यू म्हणाली आणि न वाचता व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवलं. मला ते परत मागावंसं वाटलं.

पत्रक ही आमच्या घरात साधी गोष्ट नव्हती. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते आणि युनियनचं काम करत. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. पाठकोऱ्या बाजूला माझी गणितं, पुढच्या बाजूला 'कामगार बंधूंनो'. 'बंधूंनो' हा शब्द मला 'आई'च्या आधी लिहिता आला. आणि भिंतीवर एकच कॅलेंडर, कुठल्याशा जुन्या वर्षाचं, घोड्यावरच्या राणीचं. घोड्याचे पुढचे पाय हवेत, राणीच्या हातात तलवार आणि नाकात नथ. तिच्या लुगड्याच्या निऱ्या मात्र पाटावर बसलेल्या नवरीसारख्या एकसारख्या, एकही चुरगळलेली नाही. पुढे मला कळलं, की त्या चित्रकाराने घोडे बघितले असतील, पण लुगडं नेसून घोड्यावर बसलेली बाई कधी बघितली नसणार. लहानपणी हे कळत नव्हतं. मला फक्त तिथे बसायचं होतं.

आमच्या चाळीमागे एक टांगेवाले चाचा राहायचे. त्यांची तांबडी घोडी संध्याकाळी पाण्यावर न्यायची असे. ते मला उचलून तिच्या उघड्या पाठीवर ठेवायचे आणि स्वतः पुढे चालायचे. पुढे पुढे ते नुसते मागून यायचे आणि घोडी माझी मी न्यायची. मग मी मोठी झाले आणि आईने ते बंद केलं. का, ते तिने सांगितलं नाही. घोडी पुढे म्हातारी होऊन गेली आणि चाचांनी टांग्याबरोबर वरातीसाठी एक पांढरा घोडा ठेवला.

पंचाहत्तर साली जिकडे तिकडे महिला वर्षाची भाषणं चालली होती. आमच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापिकाबाईंनी मुलींची आणि गिरणीतल्या बायांची मिळून मिरवणूक काढायचं ठरवलं. पत्रक मी लिहिलं. मिरवणुकीच्या पुढे घोड्यावर एक मुलगी असावी, ही कल्पनाही माझीच. मी ती मांडली तेव्हा सगळ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. घोडा चाचांकडून मी आणणार, हेही ठरलं. बसणार कोण हे मी बोलले नाही, कारण त्यात बोलण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं.

बाईंनी वर्गावर नजर फिरवली आणि शेवटच्या बाकावर थांबवली. "अगं, तुला तर खरीखुरी घोडेस्वारी येते ना?"

"हो," ती म्हणाली. बास, एवढंच. जणू तिला कुणी पोळ्या येतात का विचारलं होतं.

त्या दिवसापासून मी तिच्यावर बारीक लक्ष ठेवून राहिले. ती पायऱ्या चढताना पाठ ताठ ठेवते. बाकावर बसतानाही गुडघे किंचित बाहेर. सगळं अंग असं, की खाली अजून घोडा आहे. मी आरशासमोर पाठ ताठ करून बघितली तर आई म्हणाली, "उसण भरली का गं?"

अडचण आली ती कपड्यांची. बाईंनी घरून जरीची नऊवारी आणली होती, मोत्यांची नथ आणली होती. कॉलेजातल्याच खोलीत त्यांनी तिला नेसवलं, अगदी कॅलेंडरमधल्यासारखं, निऱ्या घोट्यापर्यंत. मग घोड्याच्या जागी एक लांब बाक ठेवला आणि तिला वर पाय टाकून बसायला सांगितलं. तिने पाय टाकला. निऱ्या पोटाशी गोळा झाल्या, मागचा कासोटा ढिला पडला. ती उतरली आणि सरळ लुगडं सोडायला लागली.

"यात माझी मांड बसणार नाही. मी ब्रिचेस घालून बसेन."

"सात रस्त्यावरून पँट घालून?" बाई म्हणाल्या. "आपण सर्कस काढत नाही आहोत."

"मग मी बसणार नाही."

आणि बाई माझ्याकडे वळल्या. "तुझ्या घरी लुगडंच नेसतात ना गं? तुला जमेल. तूच बस."

मी 'हो' म्हणाले ते तिच्या त्या 'हो'सारखंच म्हणायचा प्रयत्न केला. ते तसं झालं नाही. माझा आवाज फाटला.

घरी आईने तिचं इरकली लुगडं काढलं आणि माझ्यावर नेसवून बघितलं. तिचं नेसणं निराळं होतं. निऱ्या थोड्या, गुडघ्याच्या जरा खालीच संपणाऱ्या, आणि कासोटा असा ओढलेला, की माझा श्वास अडकला.

"एवढं घट्ट?"

"मग? माहेरी, मोहोळला, आमी असंच नेसून म्हशीवर बसायचो. म्हस काय अन् घोडा काय. बस की उकिडवी. बघ हालतंय का काई."

काही हाललं नाही. मी उकिडवी बसले, उडी मारली, मोरीच्या कट्ट्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसले. मला फार आनंद झाला होता आणि त्या आनंदाच्या मधोमध ती होती, लुगडं सोडून टाकणारी. बरं झालं, असं मी मनात म्हणत होते. तिला जे जमलं नाही ते मला येतं.

पण पत्रक छापून आलं होतं. गठ्ठा खाटेखाली होता. त्यात मीच लिहिलेलं वाक्य मोठ्या अक्षरांत होतं, की बाईने काय नेसावं हे बाईच ठरवील, समाज नव्हे आणि समाजाच्या नावाने बोलणारे तर नव्हेतच.

मी त्या वाक्यावर उपाय शोधला. वडील कामावरून आले तेव्हा मी त्यांना समजावून सांगितलं, की ब्रिचेस हा साहेबी पोशाख आहे. गोऱ्या अधिकाऱ्यांनी आपल्या लोकांवर घोडे घातले ते हाच पोशाख घालून. लुगडं हा कष्टकरी बाईचा पोशाख. तेव्हा प्रश्न एका मुलीच्या आवडीचा नसून वर्गाचा आहे. मी बराच वेळ बोलले. वडील पाय धूत ऐकत होते.

"भाषण चांगलं हाय," ते म्हणाले. "पर घोडा मिळायच्या आदी का न्हाई सुचलं?"

मी चिडले. मी जेवले नाही. त्या चिडण्यात मला आठवलं, की रद्दीच्या दुकानात मी एकदा एक जुनं इंग्रजी मासिक बघितलं होतं. त्यात मडमा घोड्यावर बसल्या होत्या, दोन्ही पाय एकाच बाजूला, वरून पायघोळ झगा. आपल्याकडे बायका स्कूटरवर बसतात तशाच. घोडा दौडायला लागला तर पडायचीच सोय. ते चित्र बघून मला त्या मडमांचाही राग आला होता, की बसता कशाला मग. आणि दख्खनची जुनी चित्रं बघावीत तर त्यांत हातावर ससाणा घेऊन निघालेली राणी तंग सुरवार घालून ऐटीत दोन्हीकडे पाय टाकून बसलेली असते. घोड्यावर बसलेल्या बाईचे पाय झाकायची काळजी तिला स्वतःला कधी नसते. ती बघणाऱ्यांना असते. आणि आता आमच्या प्राध्यापिकाबाईंना होती. आणि त्यांची ती काळजी माझ्या फायद्याची होती, म्हणून मी गप्प होते. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी तिच्यावर पत्रक काढलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर बाईंना म्हणाले, "ती ब्रिचेस घालूनच बसेल. नाहीतर हे पत्रक वाटता येणार नाही." आणि ते वाक्य वाचून दाखवलं. बाई रागावल्या, पण पत्रकाखाली त्यांचं नाव होतं.

"आणि तू?"

"मी पत्रकं वाटेन."

मला वाटलं होतं, ती काहीतरी म्हणेल. निदान नको नको म्हणेल, मग मी आग्रह करीन. ती म्हणाली, "ओके. किती वाजता यायचं?"

मिरवणुकीच्या दिवशी चाचांनी घोडा सजवून आणला. अंगावर मखमली झूल, कपाळावर आरशांची पट्टी, शेपटीला गोंडा. आणि बघते तर बाईंनी बँड बोलावलेला. लाल कोट घातलेले वाजवणारे रांगेत उभे.

"बाई, बँड नको. घोडा वरातीचा आहे, तो बँडवर नाचतो."

"बँडशिवाय मिरवणूक म्हणजे प्रेतयात्रा," बाई म्हणाल्या. "चला, उशीर होतोय."

मी तिच्याकडेही गेले. ती ब्रिचेस आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घालून खोगिराचा पट्टा तपासत होती. मी म्हटलं, "हा नाचतो हं."

"मला घोडे कळतात," ती हसून म्हणाली.

दोघींना सांगून झालं होतं. माझं कर्तव्य मी केलं होतं आणि आता मला मोकळ्या मनाने वाट बघता येत होती.

सात रस्त्यापर्यंत बँड बेतानेच वाजला. तिथे माणसं जमली तशी बँडवाल्यांना चेव आला आणि त्यांनी लग्नातली चाल धरली. घोड्याने कान टवकारले, मान वाकवली आणि नाचायला लागला. तिने लगाम ओढला. लगाम ओढला की तो आणखी नाचायचा, त्याला शिकवलंच होतं तसं. मागची मिरवणूक अडली. पानाच्या दुकानापाशी कुणीतरी ओरडलं, "नवरदेव कुटं हाय?"

"नवरदेव न्हाय बाबा, नवरीच चढलीया. तीबी तुमान घालून."

लोक हसले. मीही हसले. गिरणीतल्या एका बाईने मला कोपराने ढोसलं, "पडती का गं ती?" मी म्हणाले, "बघू की." ती पडली असती तर मी तिला उचललं असतं, अगदी मनापासून उचललं असतं.

ती पडली नाही. क्षणभर तिचा चेहरा गोंधळला. मग तिने लगाम सैल सोडला, टाचा खाली दाबल्या आणि घोड्याला नाचू दिलं. तो डावीकडे तर ती डावीकडे, तो उसळला की तीही उसळली. चामड्याचे ते तुकडे खोगिराला घट्ट चिकटलेले. थोड्या वेळाने असं दिसायला लागलं, की तीच त्याला नाचवते आहे. हसणं थांबलं. कुणी शिट्टी मारली नाही. बाया तोंडावर पदर धरून बघत होत्या आणि मघाची ती ढोसणारी बाई म्हणाली, "लई भारी गं."

माझ्या हातात पत्रकं होती. कुणी घेत नव्हतं. सगळे वर बघत होते, आणि मीच त्यांना वर बघायला लावलं होतं, हे त्यांच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं.

मिरवणूक संपल्यावर ती उतरली. घामाने केस कपाळाला चिकटलेले, डोळे चकाकत होते. "काय घोडा आहे हा," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तू बस ना थोडा वेळ."

माझ्या अंगावर पाचवारी होती. "हिच्यात?"

"एका बाजूला पाय घेऊन बस."

"बसायचं तर दोन्हीकडे पाय टाकून," मी म्हणाले. तिला ते कळलं असावं. ती हसली नाही. "मग बंगल्यावर ये. माझी ब्रिचेस घालून बघ," म्हणाली. तिने ते मनापासून म्हटलं होतं आणि म्हणूनच मला ते सहन झालं नाही. मी गेले नाही.

मी घरी गेले. आईचं इरकली अजून खुंटीवर होतं. "नेसव," म्हटलं. आईने कासोटा मागच्यापेक्षाही घट्ट ओढला. चाचांना संध्याकाळी एका लग्नाला जायचं होतं. ते घोडा घेऊन चाळीमागून निघाले तेव्हा मी वाटेत उभी राहिले.

"चाचा, वळणापर्यंत बसू द्या."

"नवरदेव से पैले?" ते म्हणाले. मग माझ्याकडे, माझ्या लुगड्याकडे बघितलं. "बैठ बेटी. मोड तक हां. आगे नक्को."

मी दगडावर पाय ठेवून चढले. दोन्हीकडे पाय टाकून मांड ठोकली. काही सुटलं नाही, काही ढिलं पडलं नाही. मोहोळच्या म्हशींवर जे टिकलं ते इथेही टिकलं. बघायला चाळीतली एक म्हातारी होती आणि ती डाळ निवडत होती. मी पाठ ताठ केली, लगाम सैल सोडला, टाचा खाली दाबल्या. सगळं तिच्यासारखं केलं.

बँड नव्हता. दमलेला घोडा मान खाली घालून चालत राहिला. मी टाच लावून बघितली, लगाम ओढूनही बघितला.

"नै नाचता आब," चाचा मागे न बघता म्हणाले. "थक्या बिचारा."

मोड आला तशी मी उतरले.