खर्जातली दवंडी

सासवडच्या पंतोजींनी मला अक्षरओळख दिली, पुण्याच्या गुरुजींनी गाणे. दोघांचे उपकार मोठे. पहाटे मुठेच्या काठी बसून बारा वर्षे मी खर्जातला सा घोटला. गुरुजी एवढेच म्हणत, "आवाज आहे, सा नाही."

पुढे पेशवे गेले, इंग्रजांचा अंमल आला आणि गाणाऱ्याला कोणी विचारीना. माझा आवाज भारदस्त आणि मला वाचताही येई, म्हणून नव्या सरकारची दवंडी देण्याचे काम मिळाले.

पहिल्याच दिवशी बुधवार पेठेत, हत्यारे जमा करण्याचा हुकूम मी वाचला. लोक मान खाली घालून ऐकत होते. गर्दीतून गुरुजी पुढे आले.

"आज लागला हो तुझा सा!"

मी नमस्काराला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले.