काळ्या बादलीतलं दूध

माझ्या बायकोच्या दुधाला नावं ठेवणारा मास्तर अजून जिवंत आहे आणि ती गेली. म्हणून लिहायला बसलो. शाळा चौथीपर्यंत झाली, चुकलं तर चुकलं.

आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. संध्याकाळी आम्ही म्हैस घेऊन दूधकट्ट्यावर जायचो. मी दावं धरायचो, ती धार काढायची. गिऱ्हाईक तिथंच फेसाळ पेला तोंडाला लावायचं. तिची पितळी चरवी बुडाला गळायला लागली, तेव्हा गल्लीतला प्लास्टिकचा कारखानदार म्हणाला, "वैनी, ही बादली घ्या. हलकी हाय. नातवंडं वापरतील की!"

काळी कुळकुळीत बादली. पहिल्याच संध्याकाळी ऊन दूध तिच्यात पडलं. तेव्हा नोकरीला नवाच लागलेल्या ह्या मास्तरानं घोट घेतला आणि पचकन थुंकला. "बाई, रॉकेल घातलंस काय?" भरल्या कट्ट्यावर! जन्मात दुधात पाणी न घातलेली बाई, म्हशीच्या पोटाला डोकं टेकून धार काढत राहिली. निम्मी गिऱ्हाईकं शेजारच्या म्हशीकडं वळली.

मी बादली हुंगली आणि तडक कारखान्यात गेलो. दारात ढीग होता. तुटक्या चपला, वायरींची सालं, फिनेलचे आणि फवारणीच्या औषधाचे डबे. सगळं दळायचं, वितळवायचं, वर नव्या प्लास्टिकचा मूठभर दाणा टाकायचा आणि काळा रंग. काळा एवढ्यासाठी, की कशातनं काय आलंय ते कळू नये.

"धुऊन घेतो की आम्ही," तो म्हणाला.

डोंबल धुतो! वास प्लास्टिकच्या अंगात मुरलेला, तो पाण्यानं जातोय व्हय? त्यात ह्यातला निम्मा माल आधीच दोन-तीनदा वितळलेला. दर खेपेला त्यातला जीव कमी होतो. मी एका नव्या बादलीची कड वाकवली, काडकन तुकडा हातात आला. तर मलाच म्हणतो, "अशी वाकवत्यात व्हय?"

मग बायकोनंच त्याला कट्ट्यावर गाठलं. त्याच बादलीतला पेला भरून पुढं धरला. "भावजी, आज पैला मान तुमचा."

त्यानं नाकाशी नेला. "आज जरा पोट बिघडलंय."

"बादली आमची आन् पोट तुमचं बिघडलं व्हय?"

कट्टा खदखदून हसला. चरवीला डाग देऊन आणला, गिऱ्हाईकं परतली. मास्तर तेवढा आला नाही. बादली शेणाच्या पाण्याला लावली. कडी निखळली, उन्हानं बूड तडकलं. कारखानदार निर्लज्जासारखा तुकडे मागायला आला. "द्या वैनी, परत वितळवतो." तिनं बादली चुलीत घालायची म्हटली, मी परड्यात पुरली.

मागल्या महिन्यात तिच्या बाराव्याला मास्तर आला. म्हणाला, "बाई चांगली. दुधाला तेवढा वास यायचा."

"वास बादलीला होता, मास्तर. चारचौघांत थुंकलात, आता चारचौघांत तेवढं बोला."

"आता काय त्याचं," म्हणाला आणि चटईवर बसला.

चहा फिरत होता. मी त्याच्यापुढचा कप उचलून घेतला.